गिअरबॉक्स उतरवण्याआधी वरून बघा

प्रश्न : आमच्याकडे १९९७ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे. वडिलांनी घेतलेली, म्हणून विकवत नाही. रात्रभर उभी राहिली की इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून ऑइल टपकतं. मेकॅनिक म्हणतो, क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं, ऑइल अडवणारं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. करून घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : इतक्यात नको. मेकॅनिक म्हणतो ते खरं असूही शकेल, पण या गाडीत आधी दुसऱ्यावर संशय घ्यायचा. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग, हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो आणि कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) फिरतो. त्याची ओ-रिंग (गोल रबरी कडी) जुनी होऊन कडक झाली की ऑइल पाझरतं, ओघळत बेल हाउसिंगवर (क्लचभोवतीच्या आवरणावर) येतं आणि सील गेल्यावर जिथून पडेल नेमकं तिथूनच टपकतं. रॅम्पखाली उभं राहून बघणाऱ्याला ते सीलच वाटणार.

म्हणून ऑइलचा माग वरून खाली काढा. इंजिन थंड असताना ब्रश आणि रॉकेलने सगळी चिकट माती धुऊन घ्या. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावर पाणी मात्र मारू नका, नाहीतर गाडी चालूच होणार नाही. वाळल्यावर पावडर भुरभुरा, गाडी वीसेक किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन बघा. सगळ्यात वरचा ओला डाग जिथे दिसेल, गळती तिथली. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि ऑइल प्रेशर स्विचही बघा. स्विचच्या वायरचा क्लिप तेलकट निघाला, तर स्विच बदला. स्वस्तात सुटाल.

डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या बॉडीवर आणि आतल्या फिरत्या रोटरच्या जागेवर खूण करायला सांगा. तसाच बसवला तर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) फारसं हलत नाही, तरी तपासून घ्यावंच. रिंग ऑइल सोसणाऱ्या रबराची हवी. नळाची रिंग बसवणारे महाभाग मी पाहिलेत. आणि टॅपेट कव्हर गळतंय म्हणून नट आवळत सुटू नका. पत्रा वाकतो आणि नवं पॅकिंगही मग धरत नाही.

एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे ब्रीदरची, इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी. ती चोंदली की आतला दाब सीलांमधूनच वाट काढतो. मग आज एक सील बदला, महिन्याने दुसरं गळेल. नळी मोकळी असूनही ऑइलचं झाकण काढल्यावर धूर भसाभस येत असेल, तर पिस्टन आणि त्यांच्या रिंगा झिजल्यात. तो खर्च वेगळा.

वरचं सगळं कोरडं आणि बेल हाउसिंगच्या आतूनच थेंब येतोय, तर त्याला बोट लावून वास घ्या. उग्र, गंधकासारखा आला तर ते गिअर ऑइल; क्रँकच्या सीलचा संबंध नाही. इंजिन ऑइलच असेल आणि चढावर क्लचही घसरत असेल, तर उतरवा गिअरबॉक्स. मग क्लच प्लेटही त्याच वेळी बघून घ्या, मजुरी दोनदा कशाला द्यायची? तोवर डिपस्टिक दर आठवड्याला काढत जा. पातळी खालच्या खुणेखाली गेली, तर ऑइल भरल्याशिवाय गाडी हलवू नका.