वही मिटून दे

पुणे,
आगमनकाळाचा दुसरा रविवार

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

आज उपासना सुटल्यावर तू माझ्याशेजारी बाकावर टेकलीस आणि मोबाइलवरचा तक्ता दाखवलास. तेवीस नावं. लग्नात कुणी काय दिलं, त्याची बाजारातली किंमत किती, आणि शेवटच्या रकान्यात तू त्यांना नाताळला काय देणार. बावीस जणांपुढचा रकाना भरलेला होता. चुलत सासूबाईंच्या नावापुढे ‘पैठणी’ आणि त्यापुढे कोरं. “बाई, ह्यांचं कसं फेडायचं?” म्हणालीस आणि तुझा आवाज भरून आला. तेवढ्यात पाळकसाहेब आले आणि विषय तिथंच राहिला. दुपारभर तो कोरा रकाना डोळ्यांपुढून हलला नाही, म्हणून लिहायला बसले.

योहान ३:१६ तुझ्याकडून शब्बाथ शाळेत मीच पाठ करून घेतलंय, ते पुन्हा सांगत नाही. देवाने दिलं हे तुला माहीत आहे. कसं दिलं, ह्याबद्दल बोलायचंय. त्याने वही न उघडता दिलं. मला हे एकच सांगायचंय आणि तू कंटाळलीस तरी मी ते सांगत राहणार आहे. देताना वही उघडायची नाही.

हे कोण सांगतंय तेही लक्षात घे. चौतीस वर्षं मी पतपेढीत खतावणी लिहिली. संध्याकाळी रोजकीर्द जुळली नाही तर दहा पैशांसाठी शेवटची बस सोडलेली आहे. मंडळीच्या निधीचा पै न् पै हिशोब लागलाच पाहिजे, तो दुसऱ्यांचा पैसा आहे. तेव्हा हिशोबाचा मला तिटकारा आहे असं समजू नकोस. हिशोब मला इतका येतो, म्हणूनच तो कुठं घुसवू नये हे कळायला माझी निम्मी हयात गेली.

माझं लग्न १९७९चं. माझं अक्षर चांगलं म्हणून सासूबाईंनी आहेराची वही माझ्याकडेच दिली. लाल कापडी बांधणीची, आडव्या रेघांची. डावीकडे नाव, मधे वस्तू, मग अंदाजे किंमत, आणि शेवटी ‘परत’ असा रकाना, बरोबरची खूण करायला. तुझ्या मोबाइलमधला तक्ता पाहिला तेव्हा मला माझंच अक्षर दिसलं. सासूबाईंचं एक वाक्य घरात रोज असायचं, “आम्ही कुणाचं अंगावर ठेवत नाही.” ते मला फार भारदस्त वाटायचं.

त्या वहीत माझ्या थोरल्या वहिनीच्या नावापुढे मी लिहिलंय: ‘गोधडी (जुन्या लुगड्यांची) – रु. १२’.

वहिनी नगर जिल्ह्यातली. बहात्तरच्या दुष्काळात तिने दुष्काळी कामावर खडी फोडली होती. दादाच्या तुटपुंज्या पगारात चार पोरं. तिच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी किंमत लावली. बारा रुपये कुठून आले ते आता आठवत नाही. जुन्या कापडाचे काही, शिवणावळीचे काही, असं काहीतरी मनात धरलं असेन.

पंधरा वर्षांनी तिच्या मुलीचं लग्न निघालं. मी वही काढली. बारा रुपयांचे आताचे किती होतील ते धरलं, त्यावर थोडी भर घातली, लक्ष्मी रोडवरून स्टीलच्या डब्यांचा संच घेतला आणि दिला. वहिनी म्हणाली, “लई दिलंस गं.” घरी येऊन मी ‘परत’च्या रकान्यात खूण केली. मला समाधान वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. पुढच्या दोन वर्षांत वहिनी गेली.

ती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी गोधडी धुवायला काढली. एका कोपऱ्याचा धावदोरा उसवला होता. सुई घेऊन बसले तर आतल्या थरातून पांढरं कापड बाहेर आलेलं. बोटाने ओढून पाहिलं. जरीचा बारीक काठ, काळवंडलेला. ते तिचं लग्नाचं लुगडं होतं. ते नेसून ती देवळात उभी राहिली तेव्हा तिचा पदर मी धरला होता, मी नऊ वर्षांची असताना. घरात तेवढी एकच चांगली वस्तू होती तिच्याकडे. वर जुनेर, खाली जुनेर आणि मधे हे, मला ऊब लागावी म्हणून. आणि तिने मला कधी सांगितलं नाही.

रोमकरांस पत्रात पौल म्हणतो, देवाने स्वतःच्या पुत्राला राखून ठेवलं नाही. हे वचन मी शेकडो वेळा वाचलं असेल. ‘राखून ठेवलं नाही’ म्हणजे काय, ते मला त्या उसवलेल्या कोपऱ्यात कळलं. आणि मी त्यावर बारा रुपये लिहून ठेवले होते.

तुझ्या चुलत सासूबाईंच्या पैठणीची किंमत तू दुकानात विचारून आलीस, म्हणालीस. त्यांनी ती कशातून घेतली, हे विचारलंस का?

आता तू म्हणशील, बाई, व्यवहार म्हणून काही असतो की नाही. असतो गं! व्यवहारात कुणाचे चार आणेसुद्धा बुडवू नयेत. पण व्यवहार आणि भेट ह्यांची गल्लत करू नकोस. फेडीसाठी दिलेली वस्तू ही भेट नाही, तो हप्ता आहे. आणि परत यावी म्हणून दिलेली वस्तू ही उसनवारी आहे, तिच्यावर सोनेरी कागद गुंडाळला तरी. प्रभूने मेजवानीबद्दल काय सांगितलं ते लूक १४मध्ये बघ. श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, ते उलट तुला बोलावतील आणि फिटंफाट होईल. गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलाव, फेडायला त्यांच्यापाशी काही नाही. ‘फेड’ हाच शब्द आहे तिथं. त्या तुझ्या तेवीस नावांत ज्याला काहीच फेडता येणार नाही असं एक तरी नाव आहे का? मी पाहिलं, नाही. तुझ्या सोसायटीतल्या झाडलोट करणाऱ्या मावशी नाहीत, रात्रपाळीचा वॉचमन नाही. मला राग आला, तो याचा.

पौलाने प्रीतीबद्दल करिंथकरांना लिहिलं, ‘अपकार स्मरत नाही.’ मूळ ग्रीक शब्द हिशोबाचा आहे. खात्यावर मांडून ठेवत नाही, असा. अपकारांची वही ठेवायची नसेल तर उपकारांची तरी कशाला? कलस्सैकरांस पत्रात तर आपल्याविरुद्धचं ऋणपत्रच खोडून वधस्तंभाला खिळलं असं म्हटलंय. सगळी खतावणी खिळ्याला टांगून झाल्यावर आपण दुकानातून नवी वही आणून पहिल्या पानापासून लिहायला बसतो. मी बसले. पंधरा वर्षं बसले.

‘कुणाचं अंगावर ठेवायचं नाही’ ह्या वाक्यावर मी आता फार चिडते. आपण ख्रिस्ती माणसं. देवाचं अंगावर आहे म्हणूनच तर उभे आहोत. श्वास अंगावर, क्षमा अंगावर. देव आपला सूर्य उगवतो तो वाइटांवर आणि चांगल्यांवर, पाऊस पाडतो तो नीतिमानांच्या शेतावर आणि दुसऱ्यांच्याही. इथे फेडायची भाषा कुठून आणायची? ज्याला घेता येत नाही त्याला देताही येत नाही, ताठ मानेने हप्ते भरत राहतो नुसता.

क्वार्टर गेटच्या सिटी चर्चवरून तू रोज जातेस. ती जागा १७९२मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी दिली, आपल्या सैन्यातल्या ख्रिस्ती लोकांना उपासनेसाठी. शिपाई टिकावेत हा विचार पेशव्यांच्या मनात असेलही. पण ह्या शहरात ख्रिस्ती माणसाच्या पायाखालची जमीनच आधी कुणाची तरी देणगी आहे. ती कुठल्या रकान्यात मांडशील? आणि पुण्याजवळच्या केडगावचं मुक्ती मिशन. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, अनाथ मुली आणि विधवा आणल्या, पुढे गुजरातच्या दुष्काळातल्याही. हाडांचे सापळे झालेल्या मुली. त्यांच्यातली कोण काय फेडणार होती? नुसतं जेवायला घातलं नाही, अक्षर शिकवलं, हाताला काम शिकवलं. देव असाच देतो. भाकर मागणाऱ्या पोराला कुठला बाप धोंडा देईल, असं प्रभूने विचारलं. म्हणजे देणाऱ्याला आधी समोरच्याची भूक माहीत हवी. वही उघडली की नजर किमतीवर जाते आणि माणूस दिसायचा थांबतो. तुझ्या नणंदेला सहाशे रुपयांचा परफ्युम लिहिलायस, कारण तिने सहाशेचा लॅम्प दिला. तिचं बाळंतपण फेब्रुवारीत आहे, हे तूच मला सांगितलंस!

माझ्याबद्दल आमच्या घरात काय बोललं जातं, ते तुझ्या कानावर आलं असेलच. २०११मध्ये मी शेजारच्या एका मुलाची कॉलेजची फी भरली, चाळीस हजार. माझा मुलगा अजून म्हणतो, “आईला गंडवलं.” तो पोरगा आता नोकरीला आहे, स्कूटरवरून जाताना मान खाली घालून जातो. ऐक. मला कुणी गंडवलं नाही. मी देताना सांगितलं होतं, परत देऊ नकोस. मी निवृत्तीच्या पैशातून दिले, घर उघड्यावर टाकून नाही, उसने काढून नाही. तो पदवीधर झाला. त्याने ओळख दाखवावी असं ठरलंच नव्हतं. माझ्या मुलाला हे कितीदा सांगितलं, त्याला पटत नाही, आणि त्याला पटावं म्हणून मी माझी कृती बदलणार नाही. पण तुझ्याशी खरं बोलायचं तर, ती स्कूटर दिसली की चाळीस हजार हा आकडा अजून मनात येतो. कागदाची वही मी कधीच बंबात घातली. मनातली रोज सकाळी उघडते आणि रोज प्रार्थनेत मिटावी लागते. म्हणून तुला एवढं कळवळून सांगतेय. तू सव्वीस वर्षांची आहेस. तुझी वही पहिल्याच पानावर आहे. आत्ताच मिट.

मग काय द्यायचं, ते फार अवघड नाही. तो तक्ता पुसून टाक. एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना कर आणि त्या माणसाला काय हवंय ते आठव. कुणाला वस्तू लागेल, कुणाला फराळाच्या डब्यापेक्षा तुझी एक दुपार. नणंदेकडे जाऊन दोन दिवस राहा. कुणाला काहीच सुचलं नाही तर ह्या वर्षी नको देऊस, आकाश कोसळत नाही. पैसे बेताचे असतील तर बेतानेच दे, कर्ज काढून औदार्य करू नकोस. शनिवारी सकाळी माझ्याकडे ये, नानकटाईचं पीठ मळून बेकरीत भाजायला न्यायचंय, मला आता ट्रे उचलवत नाहीत. दोन डबे सोसायटीतल्या मावशींना आणि वॉचमनला तुझ्या हाताने दे.

राहिली पैठणी. त्या रकान्यात काही भरायचं नाही. तू ती अजून घडीवर ठेवलीयेस, फेड झाल्याशिवाय नेसायची नाही म्हणून, असं म्हणालीस ना? नाताळच्या सकाळच्या उपासनेला तीच नेसून ये. पदर मी नीट करून देईन. तुझ्या चुलत सासूबाई उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर बसतात. त्यांच्या शेजारी जाऊन बस.

तुझी,
बाई