‘इन्व्हेस्टमेंट बँकिंग’ म्हणजे नेमकं कोणतं काम, हे फी भरण्याआधी विचारा

नागपूरच्या मानेवाडा भागातून एका आईचं पत्र आलंय. लेक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सीताबर्डीच्या एका क्लासने चार महिन्यांचा ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंग’ कोर्स गळी उतरवलाय, फी नव्वद हजार. यातून खरंच नोकरी लागते का आणि रात्री दोनपर्यंत बसावं लागतं ते खरं का, असं त्या विचारतात.

ताई, नोकरी लागू शकेल, पण बोर्डावर लिहिलेलीच लागेल असं नाही. या एका नावाखाली तीन कामं येतात. पहिलं ऑपरेशन्सचं. परदेशी बँकांच्या पुणे, मुंबई, बंगळुरूच्या केंद्रांत शेअर-रोख्यांचे सौदे जुळवायचे, न जुळलेल्या नोंदी शोधायच्या, केवायसी तपासायची. चार महिन्यांचे कोर्स बहुतेक याच कामापुरते असतात. काम सरळ आहे, पाळी ठरलेली असते. लंडन-न्यूयॉर्कचा बाजार असेल तर ती संध्याकाळी सुरू होते. दुसरं केपीओचं, म्हणजे परदेशातल्या बँकरसाठी इथे बसून तक्ते आणि स्लाइड्स बनवणं. तिसरं मुंबईतल्या मर्चंट बँकरकडे ॲनालिस्ट होणं. कंपन्यांची खरेदी-विक्री, आयपीओ, भांडवल उभारणी. तिथे नुसत्या क्लासच्या सर्टिफिकेटवर सहसा कोणी आत घेत नाही. भरती होते ती आयआयएमसारख्या संस्थांतून, सीएच्या कॅम्पसमधून, नाहीतर छोट्या फर्ममध्ये इंटर्नशिप करून.

रात्री दोनची गोष्ट या तिसऱ्या कामाची. दुपारी वरिष्ठ मीटिंगमध्ये असतात, ॲनालिस्ट तसा मोकळाच. ते संध्याकाळी सात-आठला परततात, स्लाइड्सवर पेनाने दुरुस्त्या करून देतात आणि सकाळी क्लायंटकडे जायचं असतं. म्हणून रात्र जाते. सौदा सुरू असेल तर शनिवार-रविवारही.

करायचं काय असतं, ते एका तक्त्यावरून कळेल. एखाद्या कंपनीची किंमत काढायला तिच्यासारख्या सात-आठ लिस्टेड कंपन्या घेतात. समजा एकीचं बाजारमूल्य १,२०० कोटी, कर्ज ३५० कोटी, रोकड ५० कोटी. कर्ज मिळवलं, रोकड वजा केली, की धंद्याचं मूल्य १,५०० कोटी. एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा धंद्याचा नफा) १५० कोटी असेल तर पट, म्हणजे मूल्य भागिले एबिटडा, झाली दहा. आता नवख्याने ३० कोटींचं ‘इतर उत्पन्न’ (ठेवींवरचं व्याज वगैरे) एबिटडात धरलं, तर तो १८० होतो आणि पट ८.३ वर येते. एका चुकीच्या ओळीने कंपनी स्वस्त दिसायला लागली! ठेवी तर आपण रोकडीत आधीच वजा केलेल्या असतात. अशाच चुका स्टँडअलोन (एकट्या कंपनीचे) आणि कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून) आकडे मिसळल्याने होतात, कोटी आणि मिलियनच्या घोळातही होतात. म्हणून प्रत्येक आकड्यामागे अहवालाचं पान नोंदवून ठेवावं लागतं. टाइप केलेला आकडा निळा, सूत्राने आलेला काळा, हा तर पहिल्या आठवड्यातला धडा.

आयपीओत मसुदा-दस्तऐवज म्हणजे डीआरएचपी बनवताना हेच काम कागदांवर येतं. कंपनीने ‘आम्ही आघाडीवर आहोत’ असं लिहिलं, तर त्याचा पुरावा मागून फाइलला लावणं बहुतेकदा नवख्याच्याच वाट्याला येतं. कंपनीचा माणूस तो कागद चार दिवस देत नाही, आणि फोन करत राहायचं.

लेकीला हे आवडेल का, ते फी न भरता तपासता येतं. आपल्या नागपूरचीच सोलर इंडस्ट्रीज घ्या, २००६ पासून लिस्टेड आहे. तिचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल एनएसईच्या साइटवरून उतरवून घ्यायला सांगा. नफा-तोटा, ताळेबंद आणि रोकड-प्रवाह एक्सेलमध्ये स्वतः भरून, तिन्ही एकमेकांना जोडून पुढच्या तीन वर्षांचा अंदाज करू दे. ताळेबंद पहिल्यांदा जुळणार नाहीच. तो फरक शोधत ती दोन तास बसते की वैतागून उठते, ते बघा. मग सेबीच्या साइटवरून एखादा डीआरएचपी घेऊन त्यातलं ‘बेसिस फॉर इश्यू प्राइस’ हे प्रकरण वाचू दे. वर सांगितलं त्याच जातीची तुलना तिथे छापलेली असते.

इथेच रमली, तर सीए किंवा एमबीएचा लांबचा रस्ता धरावा. नव्या नियमांनुसार सीएची आर्टिकलशिप, म्हणजे फर्ममधली उमेदवारी, दोन वर्षांची झालीये. ऑपरेशन्सची नोकरी लवकर हवी असेल तर क्लास चालेल, पण ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वर जाऊ नका. मागच्या बॅचच्या तीन ऑफर लेटरवरची पदनामं बघायला मागा. दाखवायला कां कू केली, तर नव्वद हजार बँकेतच राहू द्या.

आणि हो, ती तिसऱ्या कामात गेली तर घरच्यांच्या डिमॅट खात्याचंही बघावं लागेल. तिच्या सल्ल्याने शेअर घेणाऱ्या जवळच्या नातेवाइकांवरही इनसायडर ट्रेडिंगचे (आतल्या माहितीवर शेअरचे सौदे करण्याविरुद्धचे) नियम लागू होतात. काही सौद्यांना आधी तिच्या ऑफिसची परवानगी लागते, काही शेअर्सना तर हातही लावता येत नाही. ती घरी ‘त्या शेअरचं काही विचारू नका’ म्हणाली, तर तिच्या बाबांनी रागावू नये.