घरातला ससा: लेंड्या, खरूज आणि दुकानदाराची बाटली

या खेपेच्या प्रश्नांपैकी तीन सशाविषयीचे आहेत. गोव्यातल्या साखळी गावचे एक बागायतदार लिहितात की, मुलीसाठी आणलेला ससा पहाटे स्वतःचीच लेंडी खाताना दिसला, दुकानदाराने जंत झाल्याचे सांगून आठवड्यात दोनदा औषध पाजायला लावले आणि कालपासून सशाने खाणेच सोडले आहे. फोंड्याहून सशाच्या कानांवर व नाकावर पांढऱ्या खपल्या धरल्याची तक्रार आहे. पेडण्याच्या एका भगिनींना वायरी कुरतडणारा ससा आवरायचा आहे आणि एखादी योजना असल्यास तीही हवी आहे.

साखळीच्या बंधूंनी पुढचे वाचण्याआधी ससा घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. सशाने 12 तास काही खाल्ले नाही आणि लेंड्याही पडल्या नाहीत, तर त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावलेली असते, आणि अशा वेळी उद्यापर्यंत वाट पाहणे जिवावर बेतते.

मुळात लेंडी खाणे हा आजार नाहीच. दिवसभर पडतात त्या लेंड्या गोल व कोरड्या असतात. रात्री उशिरा किंवा पहाटे येतात त्या मऊ, चकचकीत आणि द्राक्षांच्या घडासारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि त्या ससा खाली पडू न देता थेट तोंडात घेतो. आतड्यातल्या उपयोगी सूक्ष्मजंतूंनी तयार केलेली ब जीवनसत्त्वे व प्रथिने त्याला यातूनच मिळतात. उलट या मऊ लेंड्या जमिनीवर तशाच पडून राहू लागल्या, तर आहारात दाणा जास्त झाला असे समजावे. दुकानदार मात्र लेंडी म्हटली की जंताची बाटली काढतो. अल्बेंडाझोलसारखे औषध सशाला वाजवीपेक्षा जास्त गेले तर अस्थिमज्जेवर परिणाम होतो, म्हणून लेंडी तपासल्याशिवाय जंतनाशक पाजू नये आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून तर मुळीच पाजू नये.

फोंड्याच्या तक्रारीत वर्णन केलेली लक्षणे खरजेची वाटतात; पावसाळ्यात, विशेषतः ओलसर पडवीत ठेवलेल्या पिंजऱ्यांत, ती नेहमी पाहायला मिळते. यावर आयव्हरमेक्टिन हे औषध चालते, पण मात्रा समजून घ्या. गुरांसाठीच्या 1 टक्का इंजेक्शनचा 1 मिली हा 50 किलोच्या जनावराचा डोस आहे आणि तुमचा ससा दीड किलोचा आहे. ‘थोडे जास्त गेले तर लवकर सुकेल’ हा सल्ला काउंटरवर फुकट मिळतो, त्याची किंमत ससा मोजतो. इंजेक्शन वजन करून पशुवैद्यकानेच द्यावे, दुसरा डोस त्यांनी सांगितलेल्या तारखेलाच घ्यावा. खाज थांबली म्हणून तो टाळू नये आणि थांबली नाही म्हणून चार दिवसांत उरकूही नये. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारे फिप्रोनिलचे थेंब सशाला घातक आहेत. दुकानदाराने ‘सगळ्यांना चालते’ म्हटले तरी घालू नयेत. घरातली अमॉक्सिसिलीन या प्रतिजैविकाची उरलेली गोळीही चारू नये. तोंडावाटे गेलेल्या तिने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि त्यामागे ससाही जातो.

आता सर्वांसाठी, आणि याबाबतीत माझा आग्रह आहे: सशाच्या पोटाचे औषध गवत हेच आहे. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्याचे काम कोंबडीचे खाद्य, पाव, बिस्किटे किंवा गाजर करीत नाहीत. आहाराचा मोठा भाग सुक्या गवताचा असावा, जोडीला मूठभर कोथिंबीर किंवा मुळ्याचा पाला द्यावा. तांबडी भाजी क्वचित आणि थोडी चालेल. गवत ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर, बी धरण्याआधी कापून सावलीत खडखडीत वाळवावे आणि जमिनीपासून उंच ठेवावे. पावसात कापलेले, आत कुबट वास येणारे गवत स्वस्त पडले तरी घेऊ नये, कारण त्यावरची बुरशी दिसण्याआधी पोटात गेलेली असते. भाताचा पेंढा अंथरायला ठीक आहे, पण मुख्य आहार म्हणून निकस आहे. गवताची जुडी मलमूत्राच्या ट्रेच्या कडेलाच बांधावी. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, त्यामुळे एका आठवड्यात त्याला जागेची सवय लागते आणि घरही स्वच्छ राहते.

पेडण्याच्या भगिनींनी वायरी नळीत घालाव्यात किंवा उंचावर न्याव्यात. रागावून उपयोग नाही, कुरतडणे हा त्याचा स्वभाव आहे. संध्याकाळी व पहाटे तो जास्त हिंडतो, तेव्हाच त्याला मोकळे सोडावे. कण्हेर, घाणेरी आणि मनी प्लांट त्याच्या आवाक्यात ठेवू नयेत. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली ठेवू नये आणि उकडते म्हणून अंघोळही घालू नये. फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली शेजारी ठेवली की पुरते. ‘दोन्ही माद्याच आहेत’ या हमीवर जोडी घेतली असल्यास आधी दवाखान्यात खात्री करून घ्यावी, कारण गर्भकाळ सुमारे 31 दिवसांचाच असतो.

योजनेबाबत: गोवा सरकारची कामधेनू योजना दुभत्या जनावरांसाठी आहे, हौसेच्या सशाला त्यातून काही मिळत नाही. व्यवसाय म्हणून पालन करणार असाल, तर पशुपालनासाठीच्या किसान क्रेडिट कार्डाची बँकेत चौकशी करावी. शेतात सापडलेले रानसशाचे पिल्लू मात्र घरी आणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते ठेवता येत नाही, वन खात्याला कळवावे.