शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला पक गोंधळ चुकून घालतो की मुद्दाम? कॉलेजच्या नाटकात ही भूमिका मिळाली आहे, कशी करू?

चुकून. तिसऱ्या अंकात त्याचा मालक, परीराजा ओबेरॉन झापतो तेव्हा तो सरळ म्हणतो, अथेन्सचे कपडे घातलेला माणूस शोध असं तुम्हीच सांगितलंत ना? शोधला, प्रेमात पाडणाऱ्या फुलाचा रस डोळ्यांवर पिळला. डिमिट्रियसऐवजी लायसँडर हा दुसराच प्रेमिक निघाला, त्याला मी काय करू? आणि लगेच पुढे, झालं ते बरंच झालं, या प्रेमिकांची भांडणं बघायला मजा येतेय. म्हणजे चूक खरी, पश्चात्ताप शून्य. बॉटम या विणकराला गाढवाचं डोकं बसवणं ही मात्र निव्वळ त्याची स्वतःची करामत, ते कुणी सांगितलं नव्हतं.

आता ‘कशी करू’. मी हा रोल केलाय आणि त्याचं दुखणं अजून गेलेलं नाही.

आमच्या कॉलेजात दिग्दर्शक इंग्रजीचेच सर होते. त्यांनी तालमीला जाळीचे पंख, चमकी आणि हिरवी घट्ट पँट आणून ठेवली. परीलोकातलं पात्र आहे म्हणे, पंख हवेतच. मी म्हटलं, सर, दुसऱ्या अंकात त्याची ओळख होते तिथे पंखांचं नावही नाही. तो गावातल्या पोरींना घाबरवतो, दुधावरची साय पळवतो, बाई घुसळून घुसळून दमली तरी लोणी येऊ देत नाही, रात्रीच्या वाटसरूंना भलतीकडे नेऊन वर हसतो. आपला चकवाच की! गोड बोललात तर घरकामही करून देतो. रॉबिन गुडफेलो या नावाने तो इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत नाटकाच्या आधीपासून ठाऊक होता. शेक्सपिअरने १५९५-९६च्या सुमारास त्याला उचलून अथेन्सजवळच्या रानात सोडलं.

सर म्हणाले, "फार वाचतोस. उड्या मार, खिदळ." याच नाटकावरच्या १९३५च्या हॉलिवूडपटात मिकी रूनी असाच खिदळतो, पण तो तेव्हा चौदा वर्षांचा होता, त्याला शोभलं. मी दाढी फुटलेला एस.वाय.चा घोडा!

खरी ठिणगी पडली केरसुणीवरून. पाचव्या अंकात सगळे झोपायला गेले की पक एकटा येतो. भुकेला सिंह, घुबडाचं ओरडणं, उघडलेली थडगी, त्यांतून बाहेर पडणारी भुतं असं सगळं सांगतो आणि मग म्हणतो, मला झाडू घेऊन पुढे पाठवलंय, दारामागची धूळ काढायला. भूत आणि घरगडी एकाच भाषणात! माझ्या मते सगळा पक इथे आहे. मी घरून केरसुणी घेऊन गेलो. सर भडकले. लक्ष्मी आहे ती, स्टेजवर पायदळी येईल, शिवाय लोक हसतील. (विनोदी नाटकात लोक हसतील ही भीती!) मग ‘वेळेत बसत नाही’ म्हणून ते भाषणच कापलं. राहिली फक्त पक शेवटी प्रेक्षकांची मागतो ती माफी, तीही पंख फडफडवत. प्रयोगाला टाळ्या पडल्या, पंखांना वेगळ्या पडल्या, आणि सर अजून भेटले की "बघ, पंखच चालले" म्हणतात.

चालणारच. गोंडस पकची सवय लोकांना जुनी आहे. चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सने १७८९मध्ये त्याला अळंबीवर बसलेलं गुटगुटीत बाळ करून टाकलं. १८५६मध्ये लंडनला अभिनेत्री एलन टेरीने नवव्या वर्षी पक केला. एकदा शेवटच्या भाषणासाठी ती खालून वर येत असताना रंगमंचाचा चोरदरवाजा लवकर बंद झाला आणि तिच्या पायाचं बोट मोडलं. थिएटरच्या मालकीणबाईंनी कबूल केलं, नाटक पुरं कर, पगार दुप्पट करते. पोरीने केलं. उलट दिग्दर्शक पीटर ब्रूकने १९७०मध्ये पांढऱ्या चौकटीत झोके आणि काठीवर फिरणाऱ्या थाळ्या आणल्या, पंख नाहीत, तरी जादू कुठे कमी पडली नाही.

तर खिदळू नका. चाळीस मिनिटांत पृथ्वीला वेढा घालतो म्हणणारा स्टेजभर कशाला पळेल? स्थिर उभे राहा, पळू द्या त्या चार प्रेमिकांना. ‘माणसं किती मूर्ख!’ हे वाक्य ओरडू नका, कौतुकाने म्हणा.

पंख सगळीकडेच वाईट असंही नाही. ‘बर्सर्क’ या जपानी मांगातल्या (चित्रकथेतल्या) पकला आहेत, आणि तो मला आवडतो. शिवाय हे नाटक मला ओळीओळीने शिकवलं ते त्याच सरांनी, हेही नमूद करतो. पण तुमचा दिग्दर्शक वेळेचं कारण सांगू लागला, तर रानातल्या प्रेमिकांच्या भांडणाच्या ओळी कापा म्हणावं. त्या भरपूर आहेत, कुणाला कळणारसुद्धा नाही.