'चिंडीट' म्हणजे गनिमी सैनिक का?

विचारणा अशी आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेश मोहिमेवरचा मजकूर मराठीत आणताना तिथे शत्रूच्या पिछाडीला शिरून लढलेल्या 'चिंडिट' सैनिकांना 'गनिमी सैनिक' म्हणावे की 'छापामार'? मूळ शब्दच ठेवायचा तर चिंदित, चिंडित, चिंडिट यांतले लिहायचे कोणते? आणि हा शब्द चिंदविन नदीवरून आला हे खरे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे, ते आधी. नाही. ब्रह्मी पॅगोड्याच्या दाराशी दोन्ही अंगांना सिंहासारखे राखणदार प्राणी बसवलेले असतात, त्यांना तिकडे 'चिंथे' म्हणतात. ब्रिटिश सेनानी ऑर्ड विंगेट याच्या फौजेने तेच चिन्ह आणि नाव घेतले, आणि इंग्रजी जिभेवर त्याचे 'चिंडिट' झाले. ही फौज फेब्रुवारी १९४३ मध्ये चिंदविन ओलांडून जपान्यांच्या ताब्यातल्या मुलखात शिरली, म्हणून लोकांनी नदीशी नाते जोडले. सैनिकांच्या बाहीवरच्या बिल्ल्यावर चिंथे आहे आणि पॅगोडा आहे. नदी नाही.

लेखनाचे म्हणाल तर 'चिंदित' टाळाच. मराठी डोळ्याला त्यात चिंध्या दिसतात. (पहिल्या मोहिमेतून परतलेल्यांच्या अंगावर खरोखरच चिंध्या उरल्या होत्या, पण ती व्युत्पत्ती नव्हे.) इंग्रजीतल्या ड आणि ट यांना आपण नेहमी मूर्धन्यच लिहितो, तेव्हा ड-ट हवेत. राहिला ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न. मराठीत रुळलेल्या अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ होतो आणि सामान्यरूपात पुन्हा ऱ्हस्व होतो: तिकीट-तिकिटाचे, बिस्कीट-बिस्किटांचा, पोलीस-पोलिसांनी. त्याच चालीवर 'चिंडीट' आणि 'चिंडिटांनी' लिहावे. 'चिंडिट' लिहिणाऱ्याला कोणी फासावर देणार नाही; पण एकाच पानावर तिकीट दीर्घ आणि चिंडिट ऱ्हस्व हे खटकते.

आता मुख्य मुद्दा. 'गनीम' हा शब्द फारसीतून आला, अर्थ लुटारू, शत्रू. मोगल कागदपत्रांत तो मराठ्यांसाठी येतो. 'कावा' म्हणजे घोड्याला गोल गोल फिरवणे. शत्रूने दिलेली शिवी आपण मिरवत आणली आणि तिच्यात एक पुरी युद्धपद्धती भरली: मुलूख आपला, वाटा आपल्या, दाणागोटा गावातून, अंगावर आले की पांगायचे, आणि पांगल्यावर शेतकरी कोण नि शिपाई कोण हे ओळखू येऊ द्यायचे नाही. या खुणा चिंडिटांना लावून पाहा, एकही जुळत नाही.

१९४३ च्या पहिल्या मोहिमेत सुमारे ३००० माणसे होती: किंग्ज लिव्हरपूल रेजिमेंटची एक पलटण, गुरख्यांची एक, बर्मा रायफल्सचे कारेन, कचिन, चिन या ब्रह्मदेशी जमातींचे सैनिक, आणि हवाई दलाचे बिनतारी संदेशवाले. १९४४ मध्ये नायजेरियाच्या तीन पलटणींची पश्चिम आफ्रिकी ब्रिगेड आली, आणि वाहतुकीला अमेरिकी विमाने व ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमाने. बर्मा रायफल्सचे लोक सोडले तर यातल्या कोणालाही तो मुलूख आपला नव्हता. लिव्हरपूलचा गिरणीकामगार कचिन खेड्यात पांगून दिसेनासा कसा होणार? तो गणवेशातला शिपाई होता, आणि अन्न गावातून नव्हे, आभाळातून यायचे.

फरक सगळा या आभाळात आहे, म्हणून तिथे थोडे थांबू. वरून रसद पडली नाही तर मोहीम संपली, अशी ती रचना होती. १९४३ मध्ये एका माणसाचा एका दिवसाचा शिधा असा: 'शकापुरा' नावाची कडक बिस्किटे १२ औंस, चीज २ औंस, बेदाणे-बदाम ९ औंस, शिवाय साखर, दुधाची भुकटी, पाऊण औंस चहा, मीठ आणि २० सिगारेटी. (शकापुरा म्हटले की मराठी माणसाला शंकरपाळा आठवणारच.) पाच दिवसांचा शिधा एकदम पाठीवर घ्यायचा, शस्त्र, गोळ्या, घोंगडी धरून ओझे सत्तर पौंडांच्या आसपास जाई, म्हणजे बत्तीस किलो. पुढची रसद वेळेवर पडली नाही की पाच दिवसांचे सात-आठ दिवस करायचे. वर्षभराने आलेल्या अमेरिकी 'के' रेशनमध्ये सकाळ-दुपार-रात्र अशी तीन खोकी असत. ते काही दिवसांच्या चढाईसाठी बनवलेले. चिंडिटांनी त्यावर महिनोन्‌महिने काढले. त्यामुळे माणसे लढाईआधी उपासमारीने, आणि मग हिवताप, आव, टायफस यांनी झिजली.

रसद पडायची तीही फुकट नाही. मोकळवन किंवा भाताचे कोरडे खाचर शोधायचे, बिनतारीवरून जागा कळवायची, रात्री ठरलेल्या आकृतीत शेकोट्या पेटवायच्या. मोडणारे सामान पॅराशूटने येई. खेचरांचा दाणा आणि कपडे मात्र नुसतेच खाली सोडत, पोत्यात पोते घालून, म्हणजे आतले फुटले तरी बाहेरचे धरून ठेवील. असे पोते अंगावर पडून माणसे मेली आहेत. आणि एवढी शेकोटी, एवढी घरघर शत्रूलाही दिसते, ऐकू येते. म्हणून माल उचलून पहाटेच्या आत तिथून निघायचे.

हे सगळे एका बिनतारी संचावर अवलंबून, आणि तो संच खेचराच्या पाठीवर. संच, बॅटऱ्या आणि त्या भरायचे छोटे इंजिन असा तो संसार. हे खेचर ओढ्यात कोसळले की पथक मुके झाले आणि मुके झालेले पथक उपाशी. १९४३ मध्ये परतीच्या वाटेवर काही पथके अशीच संच गमावून छोट्या-छोट्या टोळ्यांत फुटली. ३००० पैकी साधारण २१८० परत आले, आणि त्यांतले सहाशेच्या आसपास पुन्हा लढाईला उभे राहण्याच्या लायकीचे उरले नाहीत. खोगीर नीट बसले नाही की खेचराची पाठ सोलवटते, जखम चिघळते, मग त्याचा भार दुसऱ्यावर आणि पुढे माणसावर. १९४४ मध्ये तर रेकण्याने ठावठिकाणा कळू नये म्हणून त्यांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया केल्या.

इथे शब्दाची एक गंमत नोंदवायलाच हवी. मराठीतले 'खेचर' हे हिंदी 'खच्चर'चे भावंड. पण संस्कृतात 'खेचर' म्हणजे आकाशात फिरणारा: ख म्हणजे आकाश, त्यात चरणारा. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामातल्या लालाघाटहून ग्लायडर सुटले, आणि पुढच्या आठवडाभरात सुमारे ९००० माणसे आणि १३५० जनावरे, त्यांत बहुतेक खेचरेच, विमानाने ब्रह्मदेशात उतरली. कोशातले दोन्ही अर्थ एकाच जनावराला लागू पडल्याचा दुसरा दाखला मला ठाऊक नाही.

'छापामार' थोडा जवळ येतो, पण १९४३ पुरताच. रेल्वे उडवली, पूल पाडला, निघाले. याला छापा म्हणता येईल. १९४४ मध्ये मात्र ते जाऊन बसले. 'ब्रॉडवे' नावाच्या मोकळवनात पहिली धावपट्टी केली. (तिथे गवताखाली सागाचे ओंडके ओढून पडलेल्या चाकोऱ्या होत्या, हवाई छायाचित्रात त्या दिसल्या नाहीत, आणि कित्येक ग्लायडर त्यांत अडकून मोडले.) मग मॉलूजवळ मंडाले-मिचिना रेल्वेवर काटेरी तारा, सुरुंग, तोफा मांडून 'व्हाइट सिटी' उभी केली. झाडांत अडकलेल्या पॅराशूटांच्या पांढऱ्या कापडावरून हे नाव. हे छापे नव्हेत. यासाठी मराठीत जुना नेमका शब्द पडून आहे: ठाणे. ठाणे बसवणे, ठाणे उठवणे. इंग्रजीतल्या 'स्ट्राँगहोल्ड'ला 'मजबूत पकड' किंवा 'बालेकिल्ला' करणारे अनुवाद दिसतात. पहिले हास्यास्पद आहे, दुसऱ्यात भिंती येतात. विंगेटच्या ठाण्याला भिंत नको होती. पाणी हवे, धावपट्टी हवी आणि चाकांच्या गाड्यांना वाट नको, म्हणजे जपानी रणगाडे व जड तोफा येणार नाहीत. 'ब्लॅकपूल' नावाचे ठाणे मे १९४४ मध्ये उठवावे लागले ते याच हिशेबाने: पाऊस लागला, विमाने उतरेनात, शत्रूच्या तोफा मात्र पोचल्या.

'कॉलम'ला 'स्तंभ' लिहू नये. पथक म्हणा. सुमारे चारशे माणसे, शंभरावर खेचरे, स्वतःचा नायक, स्वतःचा संच. जंगलवाटेने एकामागे एक निघाले की ही रांग मैलभर लांबते, म्हणून डोके थांबले तरी शेपटाला ते कळायला वेळ लागतो. तुकडी म्हटले तर डोळ्यांपुढे पंधरा-वीस माणसे येतात, तेवढी ती लहान नाही.

मग त्या जंगलात गनिमी लढणारे कोणीच नव्हते का? होते, आणि ते शब्दशः गनिमी होते: कचिन डोंगरातले लोक, इंग्रजांच्या आणि अमेरिकनांच्या हाताखाली लढणारे. मुलूख त्यांचा, वाटा त्यांच्या, अन्न आप्तांकडचे. त्यांना 'गनिमी पथके' खुशाल म्हणा. चिंडिटांनाही तेच म्हणाल तर वाचकाला हे दोघे वेगळे कळणारच नाहीत, आणि मजकुरात दोघेही एकाच परिच्छेदात येण्याचा संभव मोठा.

आणखी एक चूक मराठी मजकुरात हमखास होते. १९४४ च्या या फौजेला कागदोपत्री 'तिसरी भारतीय डिव्हिजन' नाव होते, ते शत्रूला चकवण्यासाठी. त्यावरून 'भारतीय चिंडीट सैन्य' असे लिहिले जाते. गुरखे सोडले तर भारतीय पायदळाची एकही पलटण त्यात नव्हती. मराठा पलटणी ब्रह्मदेशाच्या सीमेवर जरूर लढल्या; मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला ४/५ मराठा लाइट इन्फन्ट्री होती. पण ती चिंडीट नव्हे, तिचा हिशेब वेगळा.

तेव्हा पहिल्या उल्लेखात 'चिंडीट, म्हणजे शत्रूच्या पिछाडीला शिरून हवाई रसदीवर लढणारी फौज' एवढे लिहावे आणि पुढे नुसते चिंडीट. 'घुसखोर' नको, त्याला आपल्याकडे चोरटा वास आहे. 'पिछाडी' हा शब्द सोपा आणि लष्करी, तो वापरात राहू द्यावा.

जाता जाता 'चौंग'चे. ब्रह्मी भाषेत ओढ्याला हा शब्द आहे आणि या मजकुरात तो पानोपानी येतो. 'चाउंग' लिहिले तर मराठी वाचक च चाकातल्यासारखा दंततालव्य करील. 'चौंग' लिहिले की चौकातला तालव्य च आपोआप येतो. 'चिंडीट'मध्ये ही अडचण नाही, इकारापुढे आपला च तालव्यच. भाषांतर करून 'ओढा' म्हणावा का? मार्चमध्ये चालेल, तेव्हा त्यात घोट्याएवढे पाणी असते आणि वाळूतून पथक चालत जाते. जूनमध्ये त्याच चौंगात खेचरे वाहून जातात. मजकूर फेब्रुवारी ते ऑगस्ट चालणार असेल तर 'चौंग'च ठेवा.