बी.एस्सी.ला शिकवताना स्त्रिया आणि वंचित समाजांतील शास्त्रज्ञांची उदाहरणे दिल्याने खरेच फरक पडतो का, की तासच वाया जातो?

फरक पडतो, मात्र ही उदाहरणे पाठातच आली पाहिजेत, २८ फेब्रुवारीच्या, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, भित्तिपत्रकावर नव्हे.

तालुक्याच्या एका महाविद्यालयात मी जीवरसायनशास्त्र शिकवत असे. तृतीय वर्षाला सायटोक्रोम सी, म्हणजे पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे प्रथिन, शिकवताना मी सांगितले की, हे वनस्पतींच्या पेशींतही असते, हे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी, यांनी दाखवले. आणि त्याआधी १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना तिचे संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता व त्या हटून बसल्यावर वर्षभर काम पाहण्याच्या अटीवर दिला होता. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “सर, मार्क कमी होते का?” कमी नव्हते, त्या मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या होत्या.

एका मुलीचा प्रश्न वेगळाच होता: बटाट्यात ते दिसते कसे? दुसऱ्या दिवशी ती घरून चार बटाटे घेऊन आली. आमच्याकडचा वर्णपटदर्शक बिघडलेला असल्याने सायटोक्रोम सीची खूण असलेला ५५० नॅनोमीटरजवळचा पट्टा काही दाखवता आला नाही. किसलेला बटाटा काळा पडताना पाहण्यावर भागवावे लागले, आणि ती करामत दुसऱ्याच विकराची (एन्झाइमची), हेही सांगावे लागले. तरी तास संपल्यावरही पाच-सहा जण टेबलाभोवती उभेच होते.

बेसिनमध्ये साली पाहून विभागप्रमुख म्हणाले, “या गोष्टी महिला दिनाला सांगा, आधी पोर्शन संपवा.” माझे म्हणणे आजही तेच आहे: रामन परिणाम शिकवताना रामन यांचे नाव घेतल्याने पोर्शन मागे पडत नसेल, तर सायटोक्रोमसोबत सोहोनी आल्यानेही पडत नाही. तुम्ही भौतिकशास्त्र शिकवत असाल, तर १९२० चे आयनीभवनाचे समीकरण मांडणारे मेघनाद साहा यांना कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीमुळे वेगळे जेवायला बसवले जाई, हे समीकरणाच्याच तासाला सांगा. फक्त ते सांगताना वर्गातल्या कुणा एका विद्यार्थ्याकडे पाहू नका. ही चूक मी एकदा केली आहे. शिवाय अशा उदाहरणांनी बिघडलेली उपकरणे दुरुस्त होत नाहीत, हेही खरे.

पोर्शन त्या वर्षी फेब्रुवारीअखेर संपला होता.