एडिटिंगमध्ये जायचंय, तर मीडिया प्रॉडक्शनचं एम.ए. करावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरात पत्रकारितेची पदवी झाली, प्रीमियर (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी येतं, एडिटिंगमध्येच जायचंय. तर पुण्या-मुंबईत मीडिया प्रॉडक्शनचं दोन वर्षांचं एम.ए. कर्ज काढून करावं, की थेट अंधेरी गाठून काम शोधावं?

अभ्यासक्रम नीट पारखून घेणार असाल तर जरूर करा. मात्र इमारत, कॅमेऱ्यांची यादी आणि भिंतीवरचे माजी विद्यार्थ्यांचे फोटो पाहून तो पारखता येत नाही. दोन वर्षांत तुम्ही केलेलं काम किती वेळा दुसऱ्या विभागाच्या हातात जातं आणि तिथे ते बिनचूक उघडतं, एवढंच बघा.

कारण एडिटर म्हणून पहिलं काम मिळत नाही, असिस्टंट म्हणून मिळतं. सेटवरून आलेला डेटा मोजून-तपासून घ्यायचा, प्रॉक्सी (एडिटसाठी फुटेजच्या हलक्या प्रती) बनवायच्या, चित्र आणि आवाज सिंक करायचे, कंटिन्युइटी शीटप्रमाणे (सेटवर लिहिलेल्या शॉटच्या नोंदींप्रमाणे) शॉट लावून एडिटरला टाइमलाइन तयार द्यायची. कट लॉक झाला, म्हणजे आता बदलणार नाही असं ठरलं, की साउंड, कलर आणि व्हीएफएक्सवाल्यांना (दृश्य-परिणाम करणाऱ्यांना) त्यांचं त्यांचं सामान पोचवायचं. तुमची परीक्षा इथे होते. कट कुठे मारायचा हे कळणाऱ्यांची वाण नाही. पण ज्याने पाठवलेलं फोल्डर उघडल्यावर कुणाला फोन करावा लागत नाही, त्याला पुढच्या प्रोजेक्टला परत बोलावतात.

आता कुठे शिकावं. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये (भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत) फिल्म एडिटिंगचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि टीव्ही विभागातला व्हिडिओ एडिटिंगचा एका वर्षाचा. कोलकात्याच्या एसआरएफटीआयमध्येही (सत्यजित राय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत) फिल्मचे अभ्यासक्रम तीन वर्षांचे आहेत. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा आहे आणि जागा मोजक्याच. तरीही पहिला प्रयत्न तिथेच करा, कारण तिथे पहिल्या दिवसापासून तुम्ही एका विषयाचे विद्यार्थी असता. (साउंडकडे वळायचा विचार असेल तर बारावीला भौतिकशास्त्र लागतं, हे आधी बघा.) दिल्लीच्या जामियातलं मास कम्युनिकेशनचं एम.ए. दोन वर्षांचं आहे आणि माहितीपटाकडे ओढा असलेल्यांसाठी ते उत्तम आहे. विद्यापीठांची आणि खासगी महाविद्यालयांची एम.ए. मात्र एकाच नावाखाली फार वेगवेगळी असतात. काही मुळात माध्यम-सिद्धांताची असतात आणि त्यांत प्रॉडक्शनचा एखादा पेपर असतो. प्राध्यापक व्हायचं असेल, नेट द्यायची असेल, तर ती योग्यच आहेत. एडिटिंग रूमसाठी ती पुरत नाहीत.

प्रवेशाआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन या आणि कार्यालयात विचारण्याऐवजी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. एका बॅचला एडिटिंगची मशीन किती आणि रात्री ती वापरता येतात का? दोन वर्षांत एकाच भूमिकेत किती फिल्म पूर्ण झाल्या? "सगळ्यांनी सगळं केलं" असं उत्तर आलं तर सावध व्हा. चार फिल्मवर चार वेगळी कामं केलेल्याला एकाही कामाचा हात बसलेला नसतो. साउंड मिक्स कोण करतं? स्वतः एडिटरच लॅपटॉपवर उरकत असेल, तर हस्तांतर शिकायची जागाच तिथे नाही. डिप्लोमा फिल्मचा खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा? फिल्मचे हक्क कुणाचे, ती महोत्सवांना पाठवायची मुभा आहे का आणि स्वतःच्या शोरीलमध्ये (कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओत) वापरता येते का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.

प्रवेश झाला की पहिल्या सत्रापासून काय गिरवायचं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण एडिटिंग रूममध्ये गोंधळ होतो तो इथेच.

डेटा. कार्डवरून फाइल कधीही कट-पेस्ट करायच्या नाहीत. चेकसम तपासणाऱ्या, म्हणजे प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का ते बघणाऱ्या सॉफ्टवेअरने कॉपी करा, दोन वेगळ्या ड्राइव्हवर दोन प्रती आणि तिसरी दुसऱ्या जागी. तोवर कार्ड फॉरमॅट करायचं नाही. कार्डातली फोल्डरची रचना जशीच्या तशी ठेवा, फाइलींची नावं बदलू नका आणि प्रत्येक कार्डाला ए००१, ए००२ असं स्वतंत्र फोल्डर द्या. बरेच कॅमेरे प्रत्येक कार्डावर सी०००१ पासून मोजणी सुरू करतात. दोन कार्डं एकाच फोल्डरात ओतली की एकाच नावाच्या दोन फाइल होतात, आणि कलरच्या वेळी रीलिंक करताना (टाइमलाइन पुन्हा मूळ फाइलींशी जोडताना) नायिकेच्या क्लोजअपच्या जागी भलताच शॉट येऊन बसतो. जागेचा हिशेब आधी करा: एचडी, २५ फ्रेममध्ये प्रोरेस ४२२ या व्हिडिओ फॉरमॅटला तासाला सुमारे ५५ जीबी लागतात, प्रोरेस प्रॉक्सीला सुमारे १७.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. शूटच्या आधीच कॅमेरा, साउंड आणि एडिट या तिघांनी एक आकडा ठरवायचा. आपल्याकडे टीव्हीसाठी २५, थिएटरसाठी साधारणपणे २४. २५ वर कापलेली फिल्म फ्रेमला फ्रेम २४ वर नेली तर एका तासाची साडेबासष्ट मिनिटं होतात आणि आवाजही त्याच वेगाने खेचला तर तो जड होतो. २३.९७६ आणि २४ यांतला घोळ त्याहून फसवा असतो. फरक हजारात एकाचा, म्हणून पहिल्या मिनिटात कळत नाही; दहा मिनिटांनंतर ओठ आणि आवाज सुमारे १४ फ्रेम दूर गेलेले असतात. मोबाइलवर शूट केलेल्या फुटेजचा फ्रेम रेट बहुतेकदा बदलता असतो. ते आधी स्थिर फ्रेम रेटवर ट्रान्सकोड करून घ्या (दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्या) आणि मगच टाइमलाइनवर टाका, नाहीतर सिंक हळूहळू सरकत जातो आणि कारण सापडत नाही.

साउंडला देणं. हे काम प्रत्येक फिल्मला करा, अगदी तीन मिनिटांच्या एक्सरसाइजलाही. टाइमलाइनवर फिल्मची पहिली फ्रेम ०१:००:००:०० या टाइमकोडला (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम) ठेवा. तिच्या आधी बरोबर दोन सेकंद, म्हणजे ००:५९:५८:०० ला, एका फ्रेमचा बीप आणि त्याच फ्रेमवर चित्रात खूण. शेवटीही तसाच बीप द्या. मधे कुठे सरकलं असेल तर तो लगेच सांगतो. ट्रॅक लावताना संवाद, इफेक्ट आणि संगीत वेगवेगळे ठेवा. एएएफ (साउंडच्या सॉफ्टवेअरला टाइमलाइन देणारी फाइल) काढताना हँडल, म्हणजे कटच्या दोन्ही बाजूंचा जादा तुकडा, किमान दोन सेकंदांचे ठेवा, म्हणजे साउंड एडिटरला कटच्या आजूबाजूचा आवाज वापरता येतो. सोबत टाइमकोड छापलेली रेफरन्स फाइल आणि रेकॉर्डिस्टच्या मूळ ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या फाइल द्या. मग साउंडच्या विद्यार्थ्याशेजारी बसून ते उघडताना बघा. दोन वर्षांत हे आठ-दहा वेळा केलंत, तर पहिल्याच नोकरीत तुमचा हात बसलेला असेल.

कलरसाठी लॉक झालेली टाइमलाइन शक्यतो एका ट्रॅकवर आणा, एक्सएमएल किंवा ईडीएल (कटची यादी दुसऱ्या सॉफ्टवेअरला देणारी फाइल) काढा आणि स्पीड बदललेल्या, झूम केलेल्या शॉटची टाइमकोडसह यादी द्या. त्या गोष्टी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हमखास बिघडतात. रिझॉल्व्ह या कलरच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती यूएचडीपर्यंत (३८४० × २१६०) आउटपुट देते, तेव्हा कन्फॉर्मचा, म्हणजे मूळ फुटेजवर कट पुन्हा जुळवण्याचा, सराव घरीच करता येईल.

डिलिव्हरीबद्दल वर्गात फार कमी बोललं जातं. प्रत्येक चॅनेल आणि ओटीटीचं स्वतःचं स्पेक शीट (फाइल कशी हवी त्याच्या अटींचा कागद) असतं; कट सुरू करण्याआधी ते मागायचं. आवाजाची पातळी हे क्यूसीमधून (चॅनेलच्या दर्जा-तपासणीतून) फाइल परत येण्याचं नेहमीचं कारण. युरोपीय प्रसारणाचं मानक उणे २३ एलयूएफएस (आवाजाची पातळी मोजायचं एकक), नेटफ्लिक्सला संवादावर मोजून उणे २७, दोन कमी-जास्त. एकच मिक्स सगळीकडे चालत नाही. दुसऱ्या भाषेत डबिंग होणार असेल तर संवाद वगळून संगीत आणि इफेक्टचा पूर्ण ट्रॅक वेगळा द्यावा लागतो. पावलांचे आवाज, भांड्यांची खडखड, सगळं त्यात हवं. हा ट्रॅक शेवटच्या दिवशी आठवतो आणि तोवर फोलीची (असे आवाज स्टुडिओत वेगळे रेकॉर्ड करायची) वेळ निघून गेलेली असते.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी देवनागरी टायटल. जोडाक्षरं तुटणं आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला लागणं, याचं कारण बहुधा सॉफ्टवेअरचं टेक्स्ट इंजिन असतं. आफ्टर इफेक्ट्स आणि प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न हा पर्याय दिसत असेल तर तो निवडा, फॉन्ट युनिकोडच वापरा, सबटायटलची एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा. श्रेयनामावली छापील कागदावर काढून दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. लोकांची नावं आहेत ती, चुकली तर दुखावतात.

तिसऱ्या सत्राच्या शेवटी इंटर्नशिप शोधायला लागा. मराठी दैनंदिन मालिकेचा एडिट मला सगळ्यात कसदार जागा वाटते: अर्ध्या तासाच्या स्लॉटचा सुमारे २२ मिनिटांचा एपिसोड रोज बाहेर जातो, बँक (आधीच तयार असलेले एपिसोड) कमी असेल तर त्याच दिवशीचं शूट त्याच रात्री कापावं लागतं आणि शिस्त आपोआप लागते. अर्ज करताना गाण्यावर कापलेला झगमगाटी शोरील पाठवू नका. त्यावरून एडिटरला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. दोन माणसांच्या संवादाचा तीन-चार मिनिटांचा एक अखंड प्रसंग पाठवा आणि खाली तीन ओळी: या फिल्मवर तुमचं काम नेमकं कोणतं होतं, कोणत्या सॉफ्टवेअरवर, कधीपासून मोकळे आहात. अॅविड हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर किमान असिस्टंटच्या कामापुरतं शिकून ठेवा. मोठ्या पोस्ट हाउसमध्ये बिन लॉकिंगवर (एकाने उघडलेलं फोल्डर दुसऱ्याला बदलता येत नाही, अशा पद्धतीवर) चालणारं एकत्र काम बहुतेकदा त्यावरच होतं.

राहिलं कर्ज. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागत नाहीत आणि हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. त्यात टीव्हीत केलेल्या कामाचे पैसे ९० दिवसांनी हातात येण्याची पद्धत रुळलेली आहे. म्हणजे जूनच्या कामाचा चेक सप्टेंबरअखेर. तेव्हा फी आणि हप्ता यांच्या जोडीला मुंबईतलं चार महिन्यांचं भाडं, डिपॉझिट, जेवण आणि लोकलचा पास यांचीही तजवीज आधीच करा, आणि तो आकडा घरच्यांना आत्ताच सांगा.